इम्युनोथेरपीचे गंभीर दुष्परिणाम: नाशिकमधील फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांनी आणि कुटुंबीयांनी घरी काय पाहावे, केव्हा निघावे, रुग्णालयात काय सांगावे

फुफ्फुसाच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगासाठी इम्युनोथेरपी सुरू झाली की पहिले काही आठवडे घरात बहुधा दिलाशाचे असतात. केस गळत नाहीत, उलट्यांचा त्रास फारसा होत नाही, डे केअरमध्ये अर्ध्या ते एका तासात सलाईन संपते आणि रुग्ण संध्याकाळी सिन्नरला, निफाडला किंवा सिडकोतील आपल्या घरी परत येतो. केमोथेरपीची भीती मनात घेऊन गेलेल्या कुटुंबाला वाटते की हे औषध सोपे निघाले. बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत ते खरेही ठरते. परंतु ज्या थोड्या रुग्णांना गंभीर दुष्परिणाम होतो, त्यांना तो सलाईनच्या खुर्चीवर होत नाही. सहाव्या, नवव्या किंवा विसाव्या आठवड्यात, घरी, रात्री खोकल्याच्या किंवा जुलाबाच्या साध्या रूपात तो सुरू होतो, आणि त्याला पहिल्यांदा पाहणारे डॉक्टर कर्करोगतज्ज्ञ नसतात, तर गल्लीतले किंवा गावातले नेहमीचे डॉक्टर असतात. उपचार उपलब्ध असूनही जो वेळ वाया जातो, तो बहुतेकदा या दोन दारांच्या मधेच जातो. तो कसा वाचवायचा, हाच या लेखाचा विषय आहे. औषधांची मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचेच काम आहे. येथे दिलेले आकडे त्यांच्याशी नेमके बोलता यावे एवढ्यासाठीच आहेत.

हे औषध शरीरात काय करते

आपल्या प्रतिकारशक्तीतील टी पेशींना शत्रूवर तुटून पडण्याची जशी क्षमता असते, तसेच त्यांना थांबवणारे ब्रेकही असतात. हे ब्रेक नसते तर त्या स्वतःच्याच अवयवांवर चालून गेल्या असत्या. कर्करोगाच्या पेशी हेच ब्रेक दाबून धरतात आणि लपून राहतात. पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब ही औषधे टी पेशीवरील पीडी-१ नावाचा ब्रेक मोकळा करतात, अटेझोलिझुमॅब आणि ड्युर्व्हालुमॅब त्याच्या जोडीदारावर म्हणजे पीडी-एल१ वर काम करतात, तर इपिलिमुमॅब सीटीएलए-४ हा वेगळा ब्रेक सोडते. या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ब्रेक सुटलेली गाडी नेमकी कर्करोगावरच जाईल, याची हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. ती फुफ्फुस, आतडे, यकृत, थायरॉइड, हृदय, स्नायू, नसा, त्वचा यांपैकी कशावरही जाऊ शकते. म्हणून हा दुष्परिणाम केमोच्या दुष्परिणामासारखा नसतो. केमोमध्ये पेशी मरतात आणि औषध उतरले की शरीर सावरते. येथे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने सुरू केलेली सूज असते आणि ती थांबवल्याशिवाय बहुधा थांबत नाही. शिवाय ही औषधे रक्तात कित्येक आठवडे राहतात आणि त्यांचा पेशींवरील परिणाम त्याहूनही अधिक, अनेक महिने टिकतो. त्यामुळे पुढची सलाईन न घेतल्याने चालू झालेली सूज आपोआप उतरेल, असे समजू नये.

प्रमाणाचा अंदाजही असावा, कारण अवाजवी भीतीनेही नुकसान होते. पीडी-१ गटातील एकच औषध चालू असलेल्या दर शंभर रुग्णांपैकी साधारण दहा ते पंधरा जणांना उपचाराशी संबंधित तीव्र दुष्परिणाम होतात. इपिलिमुमॅब जोडले की हे प्रमाण बरेच वाढते. जगभरातील चाचण्या एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात पीडी-१ गटातील एकट्या औषधाने मृत्यू ओढवण्याचे प्रमाण सुमारे ०.३६ टक्के आढळले, तर दोन औषधांच्या जोडीत ते १.२३ टक्के होते. म्हणजे मृत्यू विरळा आहे, परंतु पीडी-१ गटातील एकट्या औषधाने ज्यांना तो आला त्यांच्यात फुफ्फुसाची सूज सर्वांत पुढे होती.

पहिली पायरी: पहिल्या सलाईनच्या आधी

कर्करोगाच्या तुकड्यावरील ईजीएफआर आणि एएलके या जनुकीय तपासण्यांचा अहवाल हाती येण्यापूर्वी इम्युनोथेरपीची घाई करू नये. भारतातील फुफ्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमाच्या रुग्णांत ईजीएफआर बदल बराच आढळतो आणि त्यांना ऑसिमेर्टिनिबसारख्या गोळ्यांचा फायदा होतो. आधी इम्युनोथेरपी देऊन लगेच पाठोपाठ ऑसिमेर्टिनिब सुरू केल्यास फुफ्फुसाला तीव्र सूज येण्याचा धोका वाढतो, आणि हा धोका पहिल्या तीन महिन्यांत जास्त असतो. अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तेवढ्यात “काहीतरी सुरू करा हो” असा नातेवाईकांचा आग्रह डॉक्टरांवर येतो. हा आग्रह समजण्यासारखा आहे, पण येथे तो आवरलेला बरा. आजार वेगाने वाढत असेल आणि थांबणे शक्यच नसेल, तर अहवाल येईपर्यंत फक्त केमोचे एक चक्र देता येईल का, असे विचारावे.

त्यानंतर पूर्वेतिहास. संधिवात, सोरायसिस, ल्युपस, आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, मायस्थेनिया (स्नायू दुबळे करणारा आजार), थायरॉइड यांपैकी काहीही कधीही झाले असेल, एखादा अवयव प्रत्यारोपित केला असेल, छातीला रेडिएशन दिलेले असेल, तरुणपणी क्षयरोग होऊन गेला असेल किंवा घरात कोणाला क्षयरोगाचे औषध चालू असेल, तर ते न विचारताही सांगावे. क्षयरोगाची गोष्ट लपवण्याची आपल्याकडची सवय या उपचारात महागात पडते, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

रक्ताच्या मूळ तपासण्यांत हिमोग्राम, यकृत व मूत्रपिंडाच्या चाचण्या, साखर, सोडियम-पोटॅशियम, थायरॉइडसाठी टीएसएच व टी४, सकाळी आठच्या सुमारासचे कॉर्टिसॉल (अधिवृक्क म्हणजे ॲड्रिनल ग्रंथींचे हार्मोन), हिपॅटायटिस बी व सी आणि एचआयव्ही यांचा समावेश असावा. ईसीजी आणि शक्य असल्यास ट्रोपोनिन व सीपीके (हृदयाला व स्नायूंना झालेली इजा दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) हेही आधीच करून ठेवावे. हा खर्च वायफळ वाटतो खरा, परंतु दहाव्या आठवड्यात ट्रोपोनिन किंचित वाढलेले दिसले आणि आधीचा आकडाच नसला, तर ते नवे आहे की जुने हे कोणालाही सांगता येत नाही.

शेवटचे काम कागदाचे. एका जाड कार्डावर रुग्णाचे नाव, औषधाचे नाव, पहिल्या व शेवटच्या सलाईनची तारीख, कर्करोगतज्ज्ञांचा दिवसाचा आणि रात्रीचा फोन क्रमांक लिहावा आणि खाली मोठ्या अक्षरात पुढील मजकूर लिहावा: “रुग्ण इम्युनोथेरपीवर आहे. केमोथेरपी नव्हे. कोणतीही नवी तक्रार या औषधामुळे असू शकते. कृपया वरील क्रमांकावर बोलावे.” कार्डाची एक प्रत पाकिटात, एक फ्रिजवर आणि छायाचित्र घरातील प्रत्येकाच्या फोनमध्ये असावे. उपचार मुंबईत परळला चालू असतील आणि मुक्काम नाशिकला असेल, तर नाशिकमधील एका छातीच्या डॉक्टरांकडे किंवा फिजिशियनकडे पहिल्या सलाईनच्या आधीच फाईल घेऊन जाऊन ओळख करून ठेवावी. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जाऊन सलाईन घेता येते, पण रात्री दोनला लागलेली धाप कोणत्याही गाडीची वाट पाहत नाही.

दुसरी पायरी: घरातील वही

चालण्याचा वेळ सोडून नोंद रोज पाच मिनिटांची असावी, त्याहून जास्त नको, नाहीतर ती आठवड्यात बंद पडते. सकाळी शांत बसून ऑक्सिजन आणि नाडी पाहावी, मग घरातच सहा मिनिटे चालून पुन्हा पाहावी. तापमान, शौचाची संख्या आणि सोमवारी वजन लिहावे. खोकला, दम, थकवा यांबद्दल “कालच्यापेक्षा जास्त, तितकाच, कमी” एवढेच लिहावे. ऑक्सिमीटर बोटावर नेलपॉलिश किंवा मेंदी असेल, अथवा निफाडच्या थंडीत हात गार पडले असतील, तर चुकीचा आकडा दाखवतो. बोट चोळून, ऊब देऊन पुन्हा पाहावे.

शौचाची संख्या आधीच लिहून ठेवण्याचे कारण वेगळे आहे. डॉक्टर जुलाबाची तीव्रता एकूण संख्येवर मोजत नाहीत, तर रुग्णाच्या नेहमीच्या संख्येपेक्षा किती वाढली यावर मोजतात. वाढ चारपेक्षा कमी असेल तर सौम्य, चार ते सहा मध्यम, सात किंवा अधिक तीव्र. मूळ आकडा माहीत नसेल तर हे गणित जमत नाही.

तिसरी पायरी: कोणती तक्रार कशाची असू शकते

*फुफ्फुस.* न्यूमोनायटिस म्हणजे जंतूंशिवाय, प्रतिकारशक्तीमुळे आलेली फुफ्फुसाची सूज. ती पहिल्या दोन-तीन महिन्यांत जास्त दिसते, तरी वर्षानंतरही येऊ शकते. छातीला रेडिएशन घेतलेल्यांत आणि आधीच दमा, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा जुनाट आजार) किंवा फुफ्फुसाची जाळीदार कठीणता असलेल्यांत धोका अधिक असतो. सुरुवात कोरड्या खोकल्याने होते, नंतर जिना चढताना, आंघोळ करताना आणि शेवटी बोलतानाही दम लागतो. ताप असेलच असे नाही.

नाशिक जिल्ह्यात या खोकल्याला कारणे लगेच सापडतात. द्राक्षबागेची फवारणी चालू असते, धुक्याची थंडी असते, पावसाळ्यात घरात सगळेच खोकत असतात. आधीचा कर्करोगही खोकला देतच असतो. त्यामुळे तीन गोष्टी होतात. पहिली, अँटिबायोटिकचा कोर्स दिला जातो आणि पाच दिवस थांबायला सांगितले जाते. दुसरी, एक्स-रेवरील डाग पाहून थुंकीची तपासणी न करताच क्षयरोगाची औषधे सुरू होतात, जी स्वतःच यकृताला त्रास देऊ शकतात. तिसरी गोष्ट सर्वांत फसवी आहे: अँटिबायोटिकबरोबर “डेक्सा”चे, म्हणजे डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे, एक इंजेक्शन मिळते. ८ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनमध्ये साधारण ५० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीइतकी ताकद असते. ते मिळाले की दोन दिवस रुग्णाला फार बरे वाटते, कुटुंब निर्धास्त होते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दम आधीपेक्षा जोरात उसळतो. म्हणून एका इंजेक्शनने खोकला चमत्कार झाल्यासारखा थांबला, तर तो आनंदाचा नव्हे तर न्यूमोनायटिसच्या संशयाचा पुरावा मानावा आणि त्याच दिवशी कर्करोगतज्ज्ञांना कळवावे. केमोमध्ये पेमेट्रेक्सेड हे औषध चालू असणाऱ्यांना दर चक्रात तीन दिवस डेक्साच्या गोळ्या असतातच. त्यांच्यातही चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा वर येणाऱ्या तक्रारीकडे लक्ष ठेवावे.

आकड्यांत सांगायचे तर नेहमी ९६-९७ असणारा ऑक्सिजन बसल्या जागी ९४ च्या खाली आला, किंवा सहा मिनिटे चालल्यावर चार अंकांनी उतरला, तर त्याच दिवशी दाखवावे. ९० च्या खाली गेला, ओठ निळसर झाले किंवा एक वाक्य सलग बोलता येईना, तर फोनवर चर्चा करत बसू नये, रुग्णवाहिका बोलवावी. सीओपीडीच्या रुग्णांचा मूळ आकडाच कमी असतो, म्हणून त्यांच्या मर्यादा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्याव्यात. निदानासाठी साधा एक्स-रे पुरत नाही, छातीचा सीटी स्कॅन लागतो.

*हृदय आणि स्नायू.* हा दुष्परिणाम शंभरात एकालाही क्वचितच होतो, पण झाला तर इतर सर्वांपेक्षा घातक ठरतो. वर उल्लेख केलेल्या विश्लेषणात हृदयाच्या स्नायूला सूज आलेल्या १३१ रुग्णांपैकी ५२ दगावले होते. तो लवकर, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, काही वेळा पहिल्या-दुसऱ्या सलाईननंतरच येतो. छातीत दुखणे, धडधड, चक्कर, पायावर सूज, झोपल्यावर दम लागणे ही त्याची चिन्हे. त्याच्याबरोबर स्नायूंची सूज आणि मायस्थेनिया एकत्र येऊ शकतात. म्हणून पापणी खाली पडणे, एकाचे दोन दिसणे, घास गिळताना ठसका लागणे, मान सावरता न येणे, मांड्या दुखून खुर्चीतून उठता न येणे यांपैकी काहीही दिसले तर “अशक्तपणा आला आहे, ताकदीची सलाईन लावू” या वाटेने जाऊ नये. ईसीजी, ट्रोपोनिन आणि सीपीके त्याच दिवशी, त्याच तासात व्हावे, टूडी इको पाठोपाठ. आणखी एक बारीक पण महत्त्वाची बाब: मायस्थेनियाचा संशय असताना लेव्होफ्लॉक्सासिन आणि ॲझिथ्रोमायसिन यांसारखी, छातीच्या संसर्गासाठी सर्रास दिली जाणारी अँटिबायोटिक्स स्नायूंचा दुबळेपणा वाढवू शकतात. लेव्होफ्लॉक्सासिन क्षयरोगाला अर्धवट दाबून त्याचे निदानही लांबवते.

*आतडे.* दिवसाला वारंवार पातळ शौच, पोटात मुरडा, आव किंवा रक्त, रात्री शौचासाठी उठावे लागणे. बाहेरचे खाल्ले म्हणून असेल, असे म्हणून घरातले लोपेरामाइड घेऊ नये. गोळीने जुलाब थांबतात, आतली सूज थांबत नाही, आणि दुर्लक्षित राहिलेल्या सुजेने आतड्याला छिद्रही पडू शकते. शौचाची तपासणी, आणि गरज पडल्यास आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करावी लागते. पोट ताठ झाले, ताप आला किंवा लघवी कमी झाली तर थेट रुग्णालय गाठावे.

*ग्रंथी.* थायरॉइड मंदावणे हा यातला सौम्य आणि बराच आढळणारा भाग आहे. रोजच्या गोळीने तो सांभाळता येतो आणि त्यासाठी इम्युनोथेरपी थांबवावी लागत नाही. धोका पिट्युटरी आणि अधिवृक्क ग्रंथींचा. कमालीचा थकवा, उभे राहिल्यावर चक्कर, मळमळ, न शमणारी डोकेदुखी, कमी रक्तदाब आणि कमी सोडियम असे चित्र असेल तर कॉर्टिसॉल तपासावे, आणि रुग्ण कोसळण्याच्या बेतात असेल तर अहवालाची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन व सलाईन द्यावे लागते. थायरॉइड आणि कॉर्टिसॉल दोन्ही कमी असतील, तर आधी स्टेरॉइड आणि नंतर थायरॉइडची गोळी हा क्रम पाळावाच लागतो, उलट क्रमाने रुग्ण गंभीर होऊ शकतो. नव्याने उद्भवलेला मधुमेहही येथेच मोडतो: अचानक तहान, वारंवार लघवी, उलट्या, जलद श्वास आणि साखर ४०० च्या वर. हा वयानुसार येणारा मधुमेह नव्हे. त्याला गोळ्या चालत नाहीत, इन्सुलिनच लागते, आणि ते बहुधा कायमचे.

*यकृत, मूत्रपिंड, त्वचा.* यकृत आणि मूत्रपिंडाचा त्रास सुरुवातीला फक्त रक्तात दिसतो, म्हणून प्रत्येक सलाईनपूर्वीची तपासणी चुकवू नये. डोळे पिवळे किंवा लघवी गडद होईपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे. अंगावर खाज आणि पुरळ येणे सर्वांत जास्त आढळते आणि मलमाने निभावते. मात्र कातडीवर फोड, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा आणि ताप हे एकत्र आले तर ती तातडीची बाब आहे.

*नसा आणि मेंदू.* पायापासून वर चढत जाणारा बधिरपणा किंवा लुळेपणा, अचानक गोंधळलेले बोलणे, फिट येणे. फुफ्फुसाचा कर्करोग मेंदूत पसरतोही, त्यामुळे एमआरआय आवश्यक ठरतो.

काढे आणि गुळवेल यांविषयी

रुग्णाच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा “प्रतिकारशक्ती वाढवायला” काहीतरी सुचवतो. येथे प्रतिकारशक्तीचा ब्रेक मुद्दाम सोडलेला आहे, तिला आणखी ढोसण्याची गरज नाही. गुळवेलीच्या सेवनानंतर प्रतिकारशक्तीशी निगडित यकृतदाह झाल्याच्या घटना मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवल्या आहेत. गुळवेल चालू असताना एसजीपीटी (यकृताची रक्तचाचणी) वाढले, तर ते औषधामुळे की काढ्यामुळे हे ठरवता येत नाही आणि उपयोगी पडत असलेली इम्युनोथेरपी विनाकारण थांबते. वडीलधाऱ्यांचे मन मोडणे जड जाते हे मान्य, पण काढा नाकारावाच. घेतला असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि महिनोन्महिने चालणारी ॲसिडिटीची गोळी यांनाही हेच लागू होते. दोन्हींमुळे या उपचारात मूत्रपिंडाला सूज येण्याचा धोका वाढतो.

चौथी पायरी: निघायचे ठरल्यावर

फोनवर “त्रास होतोय” असे सांगू नये. वही समोर ठेवून एका दमात सांगावे: “अमुक औषधाची चौथी सलाईन बारा दिवसांपूर्वी झाली. चार दिवस कोरडा खोकला आहे. ऑक्सिजन बसून ९३, चालून ८८. ताप नाही. काल स्थानिक डॉक्टरांनी डेक्सा दिले होते.” या एवढ्या वाक्यांवर रात्रपाळीचे डॉक्टर निर्णय घेऊ शकतात.

कोठे जायचे, याबद्दल माझे मत ठाम आहे. उपचार मुंबईत चालू असले तरी ऑक्सिजन उतरलेल्या, छातीत दुखत असलेल्या किंवा रक्तदाब घसरलेल्या रुग्णाला खासगी गाडीत घालून कसारा घाट उतरू नये. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाल्यापासून प्रवास लवकर होतो, म्हणून हा मोह वाढला आहे. पण गाडीत ट्रोपोनिन होत नाही आणि मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिळत नाही. आधी नाशिकमध्ये आयसीयू व सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात स्थिर करावे, तेथून दोन्ही डॉक्टरांचे बोलणे करून द्यावे, मग गरज असेल तर रुग्णवाहिकेतून हलवावे. सुरगाणा, पेठ किंवा कळवणसारख्या भागातून शहरात येण्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागवावी आणि ऑक्सिजन लागणार हे फोनवरच सांगावे. सिंहस्थाच्या मुख्य स्नानांच्या काळात, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये, पंचवटी आणि त्र्यंबकेश्वरच्या बाजूला राहणाऱ्यांनी कोणत्या रुग्णालयाकडे रस्ता मोकळा राहील हे आधीच पाहून ठेवावे.

बरोबर फाईल, ताजा सीटी स्कॅन, चालू गोळ्यांची पिशवी आणि ते कार्ड घ्यावे. तातडीच्या विभागात पहिले वाक्य “कॅन्सरचा पेशंट आहे” हे नसावे, कारण ते ऐकले की “शेवटचा टप्पा दिसतोय, घरी न्या” असा सल्ला मिळण्याची शक्यता असते. पहिले वाक्य असे असावे: “इम्युनोथेरपी चालू आहे, त्याचा दुष्परिणाम असू शकतो, आणि तो उपचाराने बरा होऊ शकतो.”

पाचवी पायरी: रुग्णालयात काय घडते

डॉक्टर त्रासाची एक ते चार अशी श्रेणी ठरवतात. पहिल्या श्रेणीत बहुधा लक्ष ठेवून औषध चालू राहते, मात्र फुफ्फुस आणि हृदय यांच्या बाबतीत पहिल्या श्रेणीतही थांबून तपासले जाते. दुसऱ्या श्रेणीत इम्युनोथेरपी थांबवून प्रेडनिसोलोन दर किलो वजनामागे अर्धा ते एक मिलिग्रॅम देतात, फुफ्फुसाच्या सुजेत एक ते दोन. तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीत भरती करून एक ते दोन मिलिग्रॅम दर किलो, बहुधा शिरेतून. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला ६० ते १२० मिलिग्रॅम. हृदयाच्या सुजेत याहून कितीतरी मोठी, दिवसाला ५०० ते १००० मिलिग्रॅम मेथिलप्रेडनिसोलोनची मात्रा पहिले तीन दिवस देतात. हे आकडे ऐकून नातेवाईक घाबरतात आणि “स्टेरॉइड नको” म्हणतात. येथे स्टेरॉइड हाच मुख्य उपचार आहे. दुष्परिणामासाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळे इम्युनोथेरपीचा आधी मिळालेला फायदा पुसला जातो, असे सहसा आढळलेले नाही.

त्याच वेळी संसर्ग नाही ना, हे पाहिले जाते: क्षयरोगासाठी थुंकीची सीबीनॅट तपासणी, रक्ताचे कल्चर, जमल्यास दुर्बिणीतून फुफ्फुस धुऊन घेतलेला नमुना. केमोही चालू असेल तर पांढऱ्या पेशी घटून आलेला ताप हा वेगळा, तितकाच तातडीचा विषय असतो. रुग्ण गंभीर असेल तर अहवाल येईपर्यंत अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड दोन्ही एकत्र सुरू करणे योग्य मानले जाते, त्याला आक्षेप घेऊ नये.

नातेवाईकांनी विचारायचा सर्वांत मोलाचा प्रश्न दुसऱ्या दिवशीचा आहे: “४८ तासांत फरक पडला नाही तर पुढचे औषध कोणते, आणि ते येथे मिळेल का?” आतड्याच्या सुजेत इन्फ्लिक्सिमॅब किंवा व्हेडोलिझुमॅब, यकृताच्या सुजेत मायकोफेनोलेट, फुफ्फुसाच्या सुजेत यांपैकी काही किंवा इम्युनोग्लोब्युलिन वापरले जाते. इन्फ्लिक्सिमॅब यकृताच्या सुजेत टाळतात, आणि ते झोपलेला क्षयरोग जागा करू शकते. म्हणूनच पहिल्या पायरीत क्षयरोग लपवू नये असे सांगितले. क्षयरोग आणि हिपॅटायटिस बी यांचा अहवाल फाईलमध्ये आधीच असेल, तर हे औषध देण्यात दोन दिवस जात नाहीत.

सहावी पायरी: घरी परतल्यावरचे दीड-दोन महिने

डिस्चार्जच्या दिवशी सगळे मोकळा श्वास घेतात, आणि दुसरा घोटाळा येथेच होतो. स्टेरॉइड चार ते सहा आठवड्यांत, फुफ्फुसाच्या सुजेत त्याहूनही सावकाश, टप्प्याटप्प्याने उतरवायचे असते. रुग्णाला बरे वाटते, चेहरा सुजतो, झोप येत नाही, शेजारी स्टेरॉइडची निंदा करतात आणि गोळी परस्पर बंद होते. मग सूज उलटते आणि अधिवृक्क ग्रंथी झोपलेल्या असल्याने रक्तदाबही कोसळू शकतो. कोणत्या तारखेला किती गोळ्या, याचा तक्ता डॉक्टरांकडून लिहून घेऊन भिंतीवर लावावा. मात्रा कमी केल्यावर तीन-चार दिवसांत खोकला किंवा जुलाब परतले, तर पुढचा टप्पा न उतरवता फोन करावा.

या काळात साखर रोज तपासावी, मधुमेह नसला तरी. प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम किंवा अधिक, चार आठवड्यांहून जास्त चालणार असेल, तर न्यूमोसिस्टिस नावाच्या फुफ्फुसाच्या संसर्गापासून बचावासाठी को-ट्रायमॉक्साझोल द्यावे लागते. चिठ्ठीत ते नसेल तर विचारावे. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि पोटाच्या संरक्षणाची गोळी यांचेही तसेच. फ्लूची निष्क्रिय लस चालते, जिवंत जंतूंच्या लसी या काळात टाळाव्यात.

इम्युनोथेरपी पुन्हा सुरू करावी का

याचे उत्तर अवयवानुसार बदलते. ग्रंथींचा त्रास हार्मोनच्या गोळ्यांनी आटोक्यात आला तर उपचार बहुधा चालू ठेवता येतात. हृदयाची सूज, तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचा फुफ्फुस किंवा नसांचा त्रास, चौथ्या श्रेणीचा यकृताचा त्रास आणि त्वचेचे गंभीर फोड यांनंतर ते कायमचे बंद होतात. मधल्या परिस्थितीत त्रास पूर्ण शमून स्टेरॉइड दिवसाला १० मिलिग्रॅम किंवा कमी झाल्यावरच विचार होतो, आणि त्या वेळी स्कॅनवर कर्करोग आकसलेला असेल तर नुसते लक्ष ठेवून थांबणे हाही रास्त पर्याय आहे. पुष्कळ कुटुंबांना औषध थांबले म्हणजे सगळे संपले असे वाटते. काही रुग्णांमध्ये कमी सलाईन घेऊनही परिणाम दीर्घकाळ टिकतो, हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

खर्चामुळे कमी मात्रेचा प्रश्नही आपल्याकडे येतो. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोके व मानेच्या कर्करोगात केमोबरोबर दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब देऊन फायदा दाखवला आणि तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो अभ्यास फुफ्फुसाच्या कर्करोगाचा नव्हता, आणि मात्रा कमी म्हणून दुष्परिणाम होणारच नाहीत असा त्याचा अर्थ नाही. कमी मात्रा घेणाऱ्यांनीही कार्ड आणि वही ठेवावी.

उपचार संपल्यानंतर कार्ड फेकू नये. शेवटच्या सलाईननंतर वर्षभराने आलेले जुलाब किंवा थकवाही याच औषधाचे असू शकतात. त्यामुळे पुढील किमान दोन वर्षे दातांच्या डॉक्टरांपासून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपर्यंत प्रत्येक ठिकाणी ते दाखवावे. ज्यांच्या अधिवृक्क ग्रंथी कायमच्या मंदावल्या आहेत, त्यांनी कार्डाच्या मागच्या बाजूला लाल शाईने लिहावे: “ताप, उलट्या किंवा शस्त्रक्रिया असल्यास हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा वाढवावी लागते. बेशुद्ध आढळल्यास १०० मिलिग्रॅम इंजेक्शन लगेच द्यावे.”